इथं ओलं वाळत नाही

बुलढाणा
४ ऑक्टोबर

सौ. महामाया हिला,

हे पत्र नात्यातलं नाही, कळवण्यातलं आहे. तसंच वाच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हरिहरेश्वर ते मालवण अशी सायकलची मोहीम निघते. किनाऱ्याकिनाऱ्याने, चार दिवस. मी नाव घातलं आहे. साठीच्या पुढच्यांनी वाटेवरच्या जिल्ह्यातल्या एका जवळच्या माणसाचं नाव आणि पत्ता द्यावा, असा त्यांचा नियम आहे. साठीच्या आतले लोक पडत नाहीत, बेशुद्ध होत नाहीत आणि ट्रकखाली जात नाहीत, असा आयोजकांचा अनुभव असावा. मी त्यांना तसं लिहून विचारलं. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

रत्नागिरी जिल्ह्यात मी एकाच माणसाला ओळखते, म्हणून तुझं नाव दिलं. नात्यापुढे ‘बहीण’ लिहिलं. दुसरं काही लिहायला जागा नव्हती.

तुला काही करायचं नाही. त्यांचा फोन आला तर उचल. तुझे फोन मी तीन वर्षं उचलले नाहीत, त्याचा सूड या प्रसंगी नको. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात बसून मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. आता मला आवाज नकोसा वाटतो. पत्रात माणूस मध्ये बोलत नाही.

मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं की तू म्हणणार, ताई शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटसारखी बोलते.

रस्ता दुसऱ्या दिवशी दाभोळच्या खाडीपाशी येऊन थांबतो. तिथे सायकली फेरीबोटीत चढवायच्या आणि पलीकडे उतरायचं. पलीकडे तुझं धोपावे. हे मी ठरवलेलं नाही, किनाऱ्याने ठरवलं आहे. मी तुझ्या घरी येणार नाही. बोटीतून उतरेन आणि पुढे जाईन.

फेरी किती वेळाने सुटते ते कळवलंस तर बरं. नाही कळवलंस तर आयोजकांना विचारीन.

मंजुश्री जानराव इंगळे


बुलढाणा
२७ ऑक्टोबर

महामाया,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी आणखी थोडं कळवते, कारण उद्या मला काही झालं आणि तुला कोणी विचारलं, तर ‘ताईने तयारी केली नव्हती’ असं तुझ्या तोंडून जायला नको.

तयारी चालू आहे. दिवसाआड राजूरचा घाट उतरते आणि परत चढते. खाली पुंजाजी नावाच्या माणसाचा चहाचा ठेला आहे आणि ठेल्यामागे हापसा. पहिल्या दिवशी मी सायकल टेकवली तर हा चहा गाळता गाळता म्हणाला, “काऊन बाई, पेट्रोल परवडून नाही राह्यलं काय?”

मी म्हटलं, “परवडते. चहा दे, गोड कमी. अन् बोलणंही कमी.”

पुढच्या खेपेला विचारलं, “रोज कोठी जाता बाई?”

“समुद्रावर.”

त्याने घाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग वर काऊन चढून राह्यल्या? समुद्र तं खालीच असंन.”

ठेल्यावरचे सगळे हसले. मीही हसले असते, पण दम लागला होता.

आमच्या सायकल गटाचे कप्तान दातांचे डॉक्टर आहेत, हर्षल खेडेकर. चाळिशीचे, अंगाला चिकटणारे कपडे घालतात आणि त्याबद्दल त्यांना काही वाटत नाही. म्हणाले, “मॅडम, तुमचं वय पाहता...” मी म्हटलं, “माझं वय मी रोज आरशात पाहते. तुम्ही दात पाहा.” तेव्हापासून ते माझ्या मागून चालवतात. मागे राहतात की लक्ष ठेवतात, ते मी विचारलेलं नाही.

एकदा देऊळघाटच्या वळणावर सायकल पडली. मी पडले नाही. मी फक्त सायकलवर होते.

ऊन अजून आहे, पण माझं अडत नाही. आईची पद्धत. दुपट्टा हापशावर भिजवायचा, डोक्याकानाला गुंडाळायचा, वाऱ्याला तोंड द्यायचं. दोन मिनिटांत कपाळ माठासारखं गार. डॉक्टर परदेशी पावडर पाण्यात घालून पितात आणि तरी लाल होतात. घाटाला मी सरावले आहे, किनाऱ्याचा रस्ता त्यापुढे काय असणार? समुद्रसपाटी हा शब्द काही उगाच झालेला नाही.

मी या वयात हे का करते, असं डॉक्टर विचारतात. मी त्यांना ‘आरोग्य’ असं उत्तर देते. ते दातांचे असल्याने त्यांना पटतं.

तुला मात्र खोटं कारण देणार नाही. तू आईला मे महिन्यात ‘हवापालट’ म्हणून नेलंस. जुलैत ती गेली. पावसाने कोकणात उतरणारे घाट बंद, तुमच्याकडचा मोबाइलचा टॉवर पडलेला. मला कळलं तेव्हा अग्नी देऊन, राख दाभोळच्या खाडीत सोडून, सगळं उरकलेलं. मी तिचं तोंड पाहिलं नाही. ती जिथे गेली ते पाणीही पाहिलेलं नाही. आता पाहणार आहे. तुझ्या गाडीत बसून नव्हे, तुझी पाहुणी म्हणून नव्हे. माझ्या पायांनी.

मंजुश्री


बुलढाणा
१९ नोव्हेंबर

महामाया,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डं अजून मिळतात ही त्यातली सर्वांत आश्चर्याची गोष्ट.

‘रस्ता सपाट नाही. ओला दुपट्टा चालणार नाही, इथं ओलं वाळत नाही. फेरी दिवसभर असते. माया.’

मी एक विचारलं होतं. तेवढ्याचं उत्तर पुरलं असतं.

बाष्पीभवन मला शिकवू नकोस. सिस्टर बर्नाडेटने ते आधी मला शिकवलं आणि मी तुला. तुझ्या तोंडात तो शब्द बसत नव्हता, तू ‘बाफीभवन’ म्हणायचीस आणि खामगावच्या त्या शाळेचा अर्धा वर्ग हसायचा. मीच तुला स्टेशनच्या क्वार्टरमागच्या दगडावर बसवून पाठ करून घेतलं होतं. बाबा ड्युटीवरून आले आणि म्हणाले, “पोरीले जेवू घाल आधी, वाफ मंग निंघन.”

रस्त्याबद्दल तू म्हणतेस ते बरोबर निघालं. डॉक्टरांनी त्यांच्या मोबाइलवर मागच्या वर्षीची चित्रफीत दाखवली. रस्ता वर जातो, खाली खाडीपाशी उतरतो, पूल ओलांडतो की परत वर. चालवणारे लोक बोलत नाहीत, नुसते श्वास ऐकू येतात. तेव्हा सपाट नाही हे मान्य. तू लिहिलंस म्हणून नव्हे, मी पाहिलं म्हणून.

एक विचारायचं आहे. दाभोळहून सुटलेली बोट मधोमध येते तेव्हा डाव्या हाताला काय दिसतं? नुसतं कुतूहल आहे. सवडीने कळव.

दुपट्ट्याबद्दल चर्चा नको.

मंजुश्री


लोणार
२१ डिसेंबर

महामाया,

पत्ता पाहून दचकू नकोस. लांबचा सराव म्हणून इथवर चालवत आले. चिखली, मेहकर, सुलतानपूर, लोणार. आज मुक्काम, उद्या परत. डॉक्टर आणि दोन वकील सोबत होते. वकिलांनी मेहकरला पोहे खाल्ले आणि तिथूनच परतण्याचा निर्णय एकमताने घेतला. डॉक्टर आले. त्यांच्याविषयी माझं मत थोडं बदललं आहे, त्यांना सांगितलेलं नाही.

सुलतानपूरला आईच्या माहेरासमोर थांबले. म्हणजे जिथे घर होतं तिथे. आता तिथे कोणी शेळ्या बांधतं. एक म्हातारी दारात बसली होती, तिने विचारलं, “कोनाची वो तू?” मी म्हटलं, “कलाबाईची.” ती म्हणाली, “कोनती कलाबाई?” मग मी पुढे निघाले. गावं अशीच असतात, आपणच उगाच थांबतो.

लोणारच्या कड्यावर उभी होते. पाणी तसंच हिरवट. वासही तोच. आई लहानपणी मैत्रिणींसोबत इथे यायची आणि पाण्यात बोट बुडवून चाटायची. आपल्याला सांगायची, आठवतं का? “आपल्या जिल्ह्यालेबी समुद्र हाय वो. खाराच हाय. फकस्त लाटा नाहीत.” मग बाबा म्हणायचे, “लाटा नाहीत तं मंग समुद्र कायचा, टाकं हाय ते.” आणि ती रुसायची. जिल्ह्याच्या अब्रूचा प्रश्न असल्यासारखी.

तिला खरा समुद्र पाहायचा होता हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. निवृत्त झाल्यावर मी तिला नेणार होते. ठरलं होतं. तिच्यासाठी चपला घेतल्या होत्या, रबरी, पाण्यात चालतील अशा. निवृत्तीला दहा महिने उरले होते. तू आलीस, म्हणालीस, “ताई, नोकरी संपेपर्यंत कशाला थांबायचं? मी नेते.” आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पिशवी भरायला लागली. चपला घरीच राहिल्या. कोऱ्या आहेत.

तिने समुद्र पाहिला की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. तू कदाचित सांगितलंही असतंस. मी विचारलं नाही आणि तुला सांगू दिलं नाही.

डॉक्टर बोलावतायत. इथे लवकर जेवतात.

मंजुश्री

ता. क. : डाव्या हाताचं उत्तर अजून आलेलं नाही.


बुलढाणा
३० जानेवारी

माया,

तुझं पत्र आलं. पाच पानं. ‘अंत्यविधी’चं शुद्धलेखन दोनदा चुकलं आहे.

पहिली तीन पानं घाट, टॉवर, पोलीस, लाकडं, पाऊस यांची. वाचली. कारणांशी माझं भांडण कधीच नव्हतं. घाट बंद झाल्याची बातमी मी टीव्हीवर पाहत होते, तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की ती बातमी माझी आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की तू एकदा ‘थांबते’ म्हणायला हवं होतंस. मग मीच म्हटलं असतं, थांबू नकोस. टॉवर पडलेला असताना ते तू कोणाला म्हणायचं होतंस, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भांडणाला ते लागत नाही.

चौथं पान. आईला तू आणि अश्वजित, दोघं नवराबायको, रोज संध्याकाळी वाळूवर न्यायचात. पहिल्या दिवशी ती पाण्यापासून लांब उभी राहिली आणि म्हणाली, “हे तं लोणारापेक्षा लय मोठं हाय. पन हे हालते काऊन वो?” मग बोट बुडवून चाटलं. मग म्हणाली, “मंजूले सांगजो, खाराच हाय. मी खोटी नव्हती बोलत.”

हा निरोप मला साडेतीन वर्षांनी पोचला. आमच्या खात्यात यापेक्षा वाईट सेवा दिलेली मला आठवत नाही. पण लाइन मीच बंद ठेवली होती हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, याची नोंद घेतली आहे.

पाचवं पान मी एकदाच वाचलं. तू लिहितेस, शेवटचे दोन दिवस ताप उतरत नव्हता. ती डोक्यावर ओलं फडकं मागायची. तू ठेवायचीस, ते गरम व्हायचं, तू पुन्हा भिजवायचीस. वीज नव्हती, तू पुठ्ठ्याने वारा घालत होतीस. हवाच इतकी ओली, की फडकं थंड होईना. ती म्हणाली, “तुह्या गावचं पानीबी गरम हाय काय वो माया?” आणि तू फडकं भिजवत राहिलीस, कारण आईनेच शिकवलेल्या त्या एका गोष्टीखेरीज तुला दुसरं काही येत नव्हतं.

एवढ्यासाठी तू कार्डावर लिहिलं होतंस. मला वाटलं, अक्कल शिकवतेस.

दुसऱ्या दिवशी घाटावर गेले. ठेल्यावर चहा घेतला. निघताना पुंजाजी म्हणाला, “बाई, आज फडकं कोरडंच? हापसा चालू हाय.”

मी म्हटलं, “असू दे.”

“ऊन हाय बाई.”

“पुंजाजी, तू चहा विक.”

घाटात मध्येच उतरावं लागलं. बराच वेळ कठड्यावर बसून होते. डॉक्टर मागून आले, थांबले आणि स्वतःच्या चाकातली हवा तपासत बसले. हवा बरोबर होती. ती निघतानाच भरलेली असते.

मंजुश्री


मलकापूर स्टेशन
८ मार्च

माया,

गाडीला उशीर आहे. सायकल डॉक्टरांच्या मोटारीवर बांधून कालच गेली. मी रेल्वेने, कारण मोटारीत ते गाणी लावतात.

पुंजाजीने पुडी दिली. शेंगदाणे आणि गूळ. म्हणाला, “समुद्राले माहा नमस्कार सांगजा. अन् म्हनजा, वऱ्हाडात ये एखांद्या वेळी, पान्याची लय वढ हाय.” मी म्हटलं, “खारं पाणी घेऊन काय करशील?” म्हणाला, “चहात नाही टाकत बाई. पाहीन तं खरं.”

मला तुला इतकंच कळवायचं आहे, की ठरल्यात बदल नाही. मी बोटीतून उतरेन आणि पुढे जाईन. तू धक्क्यावर येऊन उभी राहू नकोस. मला लोकांसमोर काही करायला आवडत नाही, तुला माहीत आहे.

दुपट्टा सोबत आहे. भिजवणार नाही असं ठरवलं आहे.

रबरी चपलाही घेतल्या आहेत. का, ते विचारू नकोस. पिशवीत जागा होती.

मंजुश्री


धोपावे
१३ मार्च

माया,

तू स्वयंपाकघरात आहेस आणि मी बाहेर पडवीत. मध्ये एक भिंत. तरी लिहिते, कारण बोलायला लागले तर मी भांडेन आणि आत्ता मासे तळण्याचा वास चांगला येतो आहे. परवापासून आपण ‘मीठ हवं का’ आणि ‘पंखा लावू का’ याच्यापुढे गेलेलो नाही.

तुला जे माहीत आहे ते सोडून बाकीचं सांगते.

पहिला दिवस ठीक गेला. समुद्र मला पहिल्या वळणावर दिसला. उतारावर होते, ब्रेक धरलेला, त्यामुळे नीट पाहता आला नाही. इतकी वर्षं वाट पाहायची आणि डोळे खड्ड्यावर. संध्याकाळी पाहिला. हालतो, हे आईचं खरं आहे.

दुसऱ्या दिवशी कोळथऱ्यानंतरच्या चढावर माझा अंदाज चुकला. ऊन आपल्यापेक्षा कमी होतं, त्याचाच मला राग आला. आपल्याकडे याच्यापेक्षा जास्त उन्हात बाया कापूस वेचतात. पण घाम थांबेना आणि वाळेना. कपड्यातून पाणी निथळत होतं आणि आतून भट्टी. एका घराबाहेर नळ होता. मी दुपट्टा भिजवला. ठरवलं होतं, तू लिहिलं होतंस, आईबद्दलचं तुझं पाचवं पान मला माहीत होतं, तरी भिजवला. हाताला दुसरं काही येत नव्हतं. डोक्याला गुंडाळला आणि वाऱ्याला तोंड दिलं. पुढच्या वळणापर्यंत तो पोटिसासारखा गरम झाला. पुढच्या नळावर पुन्हा भिजवला. तेव्हा मला कळलं, तू त्या दोन दिवसांत काय करत होतीस.

दाभोळच्या धक्क्यावर सायकल टेकवली आणि खाली बसले. मोहिमेतला एक तरुण धावत आला. “आजी, मागच्या गाडीत बसा.” मी म्हटलं, “तुझी आजी घरी आहे. मी मंजुश्री इंगळे,” आणि त्याच्या बुटावर उलटी केली. बूट चांगले होते. गाडीत बसलं की मोहिमेतून बाद, हे मला माहीत होतं. फेरीला सगळ्यांनाच बसावं लागतं, तिचं काही नाही. मी त्याला सांगत होते की मी फेरीने पलीकडे जाणार आणि मग चालवणार, पण शब्द तोंडातून सरळ येत नव्हते. मला वाटत होतं, खाडी समोर आहे आणि मला गाडीत घालून नेतील. इतक्या लांब येऊन ते पाणी खिडकीतून पाहावं लागेल.

धोपाव्याहून आलेली बोट लागली आणि तू उतरलीस; आयोजकांचा फोन तू उचलला असणार. मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं. तू धोपाव्याच्या धक्क्यावर उभी राहिली नाहीस, हे शब्दशः खरं. थेट दाभोळच्या आलीस. कोर्टात तू जिंकली असतीस.

खांद्यावर पंचे टाकलेले, पाच-सहा, कोरडे, कडक. तू मला ‘कशी आहेस’ विचारलं नाहीस. डोक्यावरचा दुपट्टा काढलास, पिळलास आणि बाजूला ठेवलास. मग पुसायला लागलीस. तोंड, मान, काखा, कोपरं. एक पंचा ओला झाला की दुसरा. त्या पोराला म्हणालीस, “उभा काय राहतोस, वारा घाल,” आणि त्याने त्यांच्या मोहिमेच्या पाटीनेच वारा घातला.

मी म्हटलं, “भिजव ना.”

तू म्हणालीस, “नाही ताई. पुसायचं. पुसत राहायचं, म्हणजे वारा लागतो.” आणि मग खाली बघून, “तेव्हा मला हे माहीत नव्हतं.”

मी दुसरा हात पुढे केला.

बोटीत तू माझी सायकल धरलीस. मी कठड्याला धरून उभी होते. मधोमध आल्यावर तू इतकंच म्हणालीस, “इथं.” आणि मला उजवीकडे वळवलंस. मी तुला चार महिने डाव्या हाताचं विचारत होते. डाव्या हाताला खाडी जमिनीत शिरते. तू उत्तर दिलं नव्हतंस, कारण आईला तू समुद्राच्या बाजूने सोडलं होतंस. बोट थांबत नाही. इंजिन चालूच होतं, कोणाची तरी मोटारसायकल ठेवायची म्हणून एक माणूस ओरडत होता, “ओ मावशी, जरा सरकून!” मी सरकले. पाणी तपकिरी होतं आणि हालत होतं. पिशवीतल्या चपला मला आठवल्या. टाकाव्यात असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, आई म्हणाली असती, “कोऱ्या चपला पाण्यात? तुले नोकरी लागली म्हून माज आला काय वो?” परत नेते. किंवा तुझ्या पायाला होत असतील तर तू घाल. आपल्या पायाचं माप एकच आहे, आईचंही तेच होतं.

मोहीम आज मालवणला पोचते. डॉक्टरांचा संदेश आला, ‘मॅडम, तुमच्या नावापुढे “अपूर्ण” लिहिलंय, मी वाद घातला.’ मीही लिहिणार आहे. हरिहरेश्वर ते दाभोळ हे अंतर मी पूर्ण केलेलं आहे, त्यात अपूर्ण काय, एवढंच विचारणार आहे. त्यांनी पुन्हा हात जोडलेलं चित्र पाठवलं तर पुढच्या वर्षी प्रत्यक्ष जाऊन विचारेन.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तू मला केलंस का, ते मी विचारलेलं नाही, तूही सांगू नकोस. पुढे बघू.

अश्वजित मघाशी येऊन गेला. म्हणाला, “मंजुताई, सायकल गोड्या पाण्याने धुतली. मीठ बसतं हो. तेल देऊन ठेवलंय, कधी निघायचं ते सांगा, गुहागरच्या गाडीवर टाकू.”

त्याला मी उत्तर दिलं नाही. ते तुला देते. ताटाखाली हे पत्र सापडेल तेव्हा वाच आणि माझ्यासमोर वाचू नकोस.

माझा दुपट्टा परवा तू धुऊन मागच्या दोरीवर टाकलास. सकाळी हात लावून पाहिला, आत्ता पुन्हा पाहिला. ओलाच आहे. तो पूर्ण वाळला की मी निघेन.

ताई